कण्हेर : लागवड, जोपासना आणि पूजेतील दक्षता

॥ श्री ॥



माळव्यातील देवळांच्या आवारात, जुन्या वाड्यांच्या परसात आणि तलावांच्या पाळीवर जी फुलझाडे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्यांत कण्हेरीचे स्थान मोठे आहे. देवास येथील टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांच्या दर्शनास जाणारा भाविक असो, की धार येथे गढकालिकेच्या पायऱ्या चढणारा असो, त्याच्या परडीत जास्वंद व झेंडू यांच्या जोडीने कण्हेरीची चार फुले असली तर त्यात कोणास नवल वाटत नाही. वैशाखात बाकीची बाग करपून गेलेली असते, तेव्हाही कण्हेर हिरवीगार असते व फुलत असते. देवासाठी रोज ताजे फूल हवे असणाऱ्यास ही फार मोठी सोय आहे.

हीच कण्हेर नखशिखांत विषारी आहे, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेकांस केवळ ऐकून ठाऊक असते, आणि पूजेच्या गडबडीत तिचा विसर पडतो. म्हणून या लेखात आम्ही दोन गोष्टी एकत्र सांगत आहोत. पहिली, धार व देवास परिसराच्या हवामानात कण्हेर कशी लावावी व कशी जोपासावी. दुसरी, तिचे फूल देवाच्या चरणी वाहताना नैवेद्य, तीर्थ, प्रसाद आणि गोग्रास यांपासून ते कसे दूर ठेवावे.

कण्हेरीची ओळख

कण्हेरीस हिंदीत कनेर, संस्कृतात करवीर आणि मल्याळम भाषेत अरळी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर असे असून ते लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली दिले. नेरियम या प्रजातीत ही एकच जात आहे. पूर्वी भारतातील कण्हेर वेगळी मानून तिला नेरियम इंडिकम असे नाव दिले जात असे. आता दोन्ही एकच मानल्या जातात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून भारतापर्यंत आणि त्याहीपलीकडे ती पसरलेली आहे. तगर, सदाफुली, चाफा व रुई ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती आहे.

हे सदाहरित झुडूप साधारणपणे सहा ते बारा फूट उंच वाढते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात. पाने लांबट, टोकदार, जाड व चिवट असून बहुधा एकेका पेरावर तीन-तीन येतात. मधली शीर ठळक असते. फुले फांद्यांच्या टोकांस झुबक्याने येतात. पांढरी, गुलाबी व तांबडी असे त्यांचे मुख्य रंग आहेत. एकेरी फुलास पाच पाकळ्या व मध्यभागी झालरीसारखी लहान कडा असते. दुहेरी फुले भरगच्च दिसतात. फळ म्हणजे लांब शेंगांची जोडी असून ती वाळून उकलली की लव असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात.

पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणून जे झाड ओळखले जाते, ते निराळे आहे. त्याचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. फूल घंटेसारखे व पिवळे किंवा केशरी, पाने अरुंद, आणि फळ हिरवे, कंगोरेदार असते. त्यातील कठीण बिट्ट्या घेऊन खेळण्याची लहान मुलांची सवय आपल्याकडे जुनी आहे. हे झाडही त्याच कुळातील व तितकेच विषारी असून त्याच्या बिया विशेष घातक आहेत. पुढे सांगितलेली सर्व दक्षता बिट्टीसही लागू आहे.

नाव व परंपरा

करवीर हे नाव उच्चारताच मराठी माणसास कोल्हापूर आठवते. महालक्ष्मीच्या त्या क्षेत्रास करवीर म्हणतात आणि तेथील तालुक्याचे नाव आजही तेच आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेड. त्या नावातही हा शब्द आहेच.

अठराव्या शतकात धारचे पवार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीचे पवार यांच्या काळी जी मराठी कुटुंबे माळव्यात येऊन स्थायिक झाली, त्यांनी आपले कुळाचार येथे जपले. त्यांपैकी एक म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगणेशास एकवीस प्रकारची पत्री वाहणे. दूर्वा, शमी, आघाडा, माका, बेल, मरवा यांच्यासमवेत त्या पत्रीत करवीरपत्र, म्हणजे कण्हेरीचे पान असते. याशिवाय शंकरास पांढरी व देवीस तांबडी कण्हेर वाहण्याचा प्रघात सर्वत्र आहे.

कण्हेरीची कीर्ती केवळ पूजेपुरती नव्हती. बाबर १५२८ साली ग्वाल्हेरला गेला असता तेथील सुंदर तांबडी कण्हेर त्याच्या नजरेत भरली, आणि ती आग्र्यास नेऊन आपल्या बागांत लावल्याची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. जपानमधील हिरोशिमा शहरावर १९४५ साली अणुबॉम्ब टाकला गेला. त्या उद्ध्वस्त भूमीत लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती, आणि म्हणून १९७३ साली त्या शहराने कण्हेरीस आपले अधिकृत पुष्प म्हणून स्वीकारले.

आपल्या पूर्वजांस या झाडाचा दुसरा गुणही पूर्णपणे ज्ञात होता. संस्कृतात कण्हेरीचे एक नाव अश्वमार असे आहे, म्हणजे घोड्यास मारणारी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूळांच्या विषांची जी गणना केली आहे, तिच्यात अश्वमार हे नाव येते. पुढील काळातील ग्रंथांनी करवीरास उपविषांत स्थान दिले. देवास वाहण्याचे फूल आणि विष ही दोन्ही माहिती परंपरेने आपल्या हाती एकत्रच दिली होती. पहिली आपण जपली आणि दुसरी हळूहळू विसरलो, असे खेदाने म्हणावे लागते.

माळव्यात कण्हेर इतकी तग का धरते

धार व देवास ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेली आहेत. पाऊस बहुतेक ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंतच्या तीन-साडेतीन महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तर पौष-माघात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. जमीन बहुतांशी काळी, पावसाळ्यात चिकट होणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी असते.

अशा ठिकाणी झाड टिकायचे तर त्याने पाणी जपून वापरले पाहिजे. कण्हेरीच्या पानाची रचना याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पानाचा वरचा पापुद्रा जाड व मेणचट असतो. खालच्या बाजूस सूक्ष्म खळगे असून त्यांत बारीक लव असते, आणि ज्या छिद्रांतून पानातील ओलावा बाहेर जातो ती छिद्रे या खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे लू वाहू लागली तरी झाड लवकर कोमेजत नाही. मुळे खोल जातात. धूळ व धूर यांचाही तिला विशेष उपद्रव होत नाही.

याखेरीज आणखी एक कारण आहे. गुरे, शेळ्या किंवा वानरे तिच्या वाटेस सहसा जात नाहीत, कारण पानांची चव अत्यंत कडू असते. कुंपणाविना वाढणारे फुलझाड म्हणून महामार्गांच्या दुभाजकांत व उद्यानांच्या कडेने तिची लागवड होते ती यामुळेच. जो कडवटपणा झाडाचे गुरांपासून रक्षण करतो, तोच विषाची खूण आहे. जे झाड गुरे खात नाहीत त्याचा काही अंशही माणसाच्या मुखात जाऊ नये, इतका बोध तरी आपण त्यापासून घ्यावा.

जागेची निवड व जमीन

कण्हेरीस दिवसाकाठी किमान सहा तास स्वच्छ ऊन हवे. सावलीत झाड जगते, परंतु फांद्या लांबट होतात व फुले थोडी येतात. मंदिराच्या आवारात दक्षिण किंवा पश्चिम कडेची उघडी जागा तिच्यासाठी योग्य ठरते.

जागा ठरविताना पुढील स्थळे कटाक्षाने टाळावीत : गोशाळेची व गुरे बांधण्याची जागा, लहान मुलांच्या खेळण्याचे मैदान, विहीर किंवा पिण्याच्या पाण्याची उघडी टाकी, आणि महाप्रसादाची स्वयंपाकशाळा. पाने व फुले गळून पाण्यात किंवा चाऱ्यात पडणार नाहीत, इतके अंतर असावे.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, आणि मुळाशी सतत पाणी साचणे कण्हेरीस मानवत नाही. त्यासाठी दीड फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. तळाशी चार बोटे मुरूम किंवा विटांचे तुकडे घालावेत. निघालेल्या मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत व एक घमेले जाड वाळू मिसळून खड्डा भरावा, आणि रोपाची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी.

छाटकलम करण्याची रीत

कण्हेर बियांपासून उगवते, परंतु बियांच्या रोपास मूळ झाडासारखेच फूल येईल याची खात्री नसते. म्हणून छाटकलम हाच सोपा व खात्रीचा मार्ग आहे. पावसाळ्याचा आरंभ हा त्यास उत्तम काळ. फाल्गुन महिन्यातही कलमे लागतात.

साधारण एक वर्ष वयाची, पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडावी. सहा ते आठ इंचांचा तुकडा पेराच्या लगेच खाली तिरका कापावा. वरची चार-पाच पाने ठेवून बाकीची काढावीत. ठेवलेली पाने मोठी असल्यास निम्मी कापावीत. कापलेल्या टोकास चीक येतो, तो हातास किंवा डोळ्यास लागू देऊ नये. वाळू व माती समप्रमाणात घेऊन भरलेल्या पिशवीत हा तुकडा तीन इंच खोल रोवावा, सावलीत ठेवावा व माती ओलसर राहील इतके पाणी द्यावे. तीन ते पाच आठवड्यांत मुळे फुटू लागतात. दोन-तीन महिन्यांनी रोप खड्ड्यात लावण्याजोगे होते.

काही जण पाण्याच्या बाटलीत फांदी ठेवून मुळे फोडतात. रीत सोपी आहे, परंतु त्या पाण्यात विष उतरते. अशी बाटली स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हातास लागेल अशा जागी कदापि ठेवू नये, आणि पाणी गुरांच्या हौदात ओतू नये.

लावणी, पाणी व खत

कुंपणासाठी दोन झाडांत तीन ते चार फूट अंतर ठेवावे. स्वतंत्र झुडूप हवे असल्यास सात-आठ फूट जागा मोकळी सोडावी. कुंडीत लावायची झाल्यास किमान चौदा इंचांची, तळास भोके असलेली कुंडी घ्यावी.

पहिल्या उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून दहा-पंधरा दिवसांतून एकदा, परंतु मुळांपर्यंत पोचेल असे भरपूर पाणी पुरते. रोज थोडे थोडे पाणी घातल्यास मुळे वरच राहतात व झाड लाडावते. कुंडीतील झाडास अर्थातच अधिक वेळा पाणी लागते. पावसाळ्यात आळे मोडून पाण्यास वाट करून द्यावी.

खताची या झाडास फारशी हाव नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि फाल्गुनात छाटणीनंतर एकदा, असे दोन वेळा एकेक घमेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत आळ्यात मिसळावे. युरियासारखे नत्रयुक्त खत अधिक दिल्यास पानेच माजतात व फुले कमी होतात.

छाटणी

कण्हेरीची फुले नव्या फांदीच्या टोकास येतात. म्हणून जे झाड कधीच छाटले जात नाही ते उंच होते, खालून उघडे पडते, आणि फुले हातास न लागणाऱ्या उंचीवर जातात. माघाच्या अखेरीस किंवा फाल्गुनात, थंडी ओसरताना, प्रत्येक फांदीचा सुमारे एक तृतीयांश भाग कापावा. वाळलेल्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात. चैत्रापासून नवे कोंब फुटतात व फुलांचा बहर उन्हाळा आणि पावसाळा असा दोन्ही ऋतूंत चालू राहतो. फार जुने झाड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापले तरी पुन्हा जोमाने फुटते.

छाटणी करणाऱ्या सेवेकऱ्याने हातमोजे घालावेत, काम संपताच हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कात्री व कोयता धुऊन ठेवावा. कापलेल्या फांद्या जाळू नयेत. त्यांचा धूरही अपायकारक असतो. त्या होमात, चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत. त्यांच्या काड्या दातणासाठी, पदार्थ ढवळण्यासाठी किंवा भाजण्यासाठी वापरू नयेत. वाळलेल्या पानांत विष तसेच राहते. इतकेच नव्हे, तर वाळल्यावर कडवटपणा गुरांस जाणवत नाही व ती पाने चाऱ्याबरोबर खाल्ली जातात. म्हणून छाटणीचा ढीग उघड्यावर एक रात्रही राहू देऊ नये.

कीड व रोग

कोवळ्या शेंड्यांवर पिवळ्या रंगाचा मावा बसतो. जोराने पाणी मारले तरी तो पुष्कळसा निघून जातो. उपद्रव अधिक असल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. तो घरी करता येतो : ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळून घ्यावी व थोडा साबण मिसळून फवारावी. पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसल्यास त्या फांद्या कापून टाकाव्यात.

पानांवर कधी मोठे हिरवे सुरवंट आढळतात. ते एका पतंगाचे असतात. कॉमन क्रो या नावाच्या काळसर तपकिरी फुलपाखराचे सुरवंटही कण्हेरीवर वाढतात आणि त्यांचे कोष चांदीसारखे चमकतात. पक्षी या फुलपाखरास खाणे टाळतात. चार पाने गेल्याने झाडास काही होत नाही. अशा सुरवंटांस मारू नये, अशी आमची विनंती आहे.

विषाचे स्वरूप

कण्हेरीच्या मुळांत, खोडात, पानांत, फुलांत, बियांत व चिकात ओलिअँड्रिन आणि तत्सम द्रव्ये असतात. हृदयाच्या पेशींत सोडियम व पोटॅशियम यांचा जो समतोल सतत राखला जातो, तो ही द्रव्ये बिघडवितात. त्यामुळे नाडी मंद किंवा अनियमित होते आणि गंभीर प्रसंगी हृदय थांबते. झाडास स्पर्श केल्याने किंवा फूल हातात धरल्याने असे काही होत नाही. काहींच्या त्वचेस चिकाने खाज येते इतकेच. धोका आहे तो पोटात जाण्याचा. लहान मुलास एखादे पानही गंभीर बाधा करू शकते. गाय किंवा घोडा यांसारख्या मोठ्या जनावरास दहा-वीस पानेही घातक ठरल्याचे पशुवैद्यकात नमूद आहे.

शिजविल्याने, वाळविल्याने किंवा पाण्यात भिजविल्याने हे विष नाहीसे होत नाही. ज्या पाण्यात कण्हेरीची फुले वा पाने राहिली, ते पाणी पिण्यास योग्य नाही.

केरळातील निर्णय

एप्रिल २०२४ मध्ये केरळात एका तरुणीच्या मृत्यूस अरळीचे पान चघळणे कारण झाले असावे, असा संशय व्यक्त झाला. त्याच सुमारास तेथील पथानमथिट्टा जिल्ह्यात अरळीची पाने पोटात गेल्याने गाय व वासरू दगावल्याचे वृत्तही आले. त्यानंतर मे २०२४ मध्ये, हजाराहून अधिक मंदिरांची व्यवस्था पाहणाऱ्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्यात व प्रसादात अरळीची फुले वापरू नयेत असा निर्णय केला, आणि त्यांच्या जागी तुळस व इतर निर्धोक फुले वापरण्यास सांगितले. मलबार देवस्वम मंडळानेही तसेच पाऊल उचलले.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आक्षेप होता तो भक्तांच्या मुखात जाणाऱ्या पदार्थांबरोबर हे फूल येण्यास. माळव्यातील मंदिरांत व घरांतही हाच विवेक पाळणे इष्ट आहे.

असे करणे परंपरेच्या विरुद्ध नाही काय, असा प्रश्न काही भाविक विचारतील. आमचे उत्तर असे आहे की षोडशोपचार पूजेत स्नान, पुष्प व नैवेद्य हे तीन निरनिराळे उपचार सांगितले आहेत. स्नान आधी होते, त्याचे तीर्थ वेगळे काढले जाते. फूल त्यानंतर वाहिले जाते. नैवेद्य त्याहीनंतर दाखविला जातो आणि त्यावर तुळशीपत्र ठेवले जाते. हा क्रम जसाच्या तसा पाळला तर कण्हेरीचे फूल तीर्थास किंवा नैवेद्यास लागण्याचे कारणच उरत नाही. क्रम मोडून फुले कलशात, अभिषेकाच्या पाण्यात किंवा प्रसादाच्या ताटात घातली की धोका निर्माण होतो.

मंदिरात व घरी पाळावयाचे नियम

१. कण्हेर, बिट्टी, रुई व धोत्रा यांची फुले व पाने वेगळ्या परडीत आणावीत. तुळस, बेल, दूर्वा व नैवेद्याचे साहित्य यांत ती मिसळू नयेत.

२. अभिषेक पूर्ण होऊन तीर्थ काढून घेतल्यावरच कण्हेरीचे फूल वाहावे. तीर्थाच्या पात्रात, पंचामृतात व पाण्याच्या कलशात हे फूल घालू नये.

३. नैवेद्याचे ताट, फळांची परडी व प्रसादाची पाने कण्हेरीच्या फुलांनी सजवू नयेत. त्यासाठी तुळस, जास्वंद, मोगरा किंवा देशी गुलाब वापरावा.

४. प्रसादाबरोबर भाविकांच्या हाती फूल देताना ते कण्हेरीचे नसावे. देवाचे फूल म्हणून अनेक जण, विशेषतः वृद्ध मंडळी, पाकळी जिभेवर ठेवतात.

५. ज्या निर्माल्यात कण्हेर आहे ते गाईस घालू नये, नदीत किंवा तलावात सोडू नये. गणेशोत्सवातील पत्रीच्या निर्माल्यासही हा नियम लागू आहे, कारण तिच्यात कण्हेर, रुई व धोत्रा ही तिन्ही असतात.

६. असे निर्माल्य झाकलेल्या खड्ड्यात कुजवावे. पूर्णपणे कुजताना विषाचे विघटन होते. मात्र अर्धवट कुजलेले खत वापरू नये, आणि तयार खत भाजीपाल्याऐवजी फुलझाडांनाच द्यावे.

७. फुले तोडणाऱ्याने व हार करणाऱ्याने हात धुतल्यावाचून प्रसाद किंवा अन्न हाताळू नये. फुले तोडताना देठ दातांनी तोडण्याची सवय सोडावी.

८. लहान मुलांस झाड दाखवून, हे फूल देवाचे आहे, तोंडात घालावयाचे नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

बाधा झाल्यास

कण्हेर किंवा बिट्टीचा कोणताही भाग पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी व जुलाब होतात. चक्कर येते, दृष्टी धूसर होते किंवा वस्तू पिवळसर दिसतात, आणि नाडी मंद अथवा अनियमित लागते. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. तोंड स्वच्छ धुवावे, उलटी करविण्याचा खटाटोप करू नये, दूध, तूप किंवा काढा असे घरगुती उपाय करत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास तात्काळ न्यावे. झाडाची एक डहाळी पिशवीत बांधून सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांस निदान करणे सोपे जाते. रुग्णास बरे वाटू लागले तरी हृदयाची तपासणी पूर्ण होईपर्यंत रुग्णालय सोडू नये. गुरांच्या बाबतीतही विनाविलंब पशुवैद्यास पाचारण करावे.

मग हे झाड ठेवावे काय

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल की असे झाड आवारात असूच नये. आम्हांस ते योग्य वाटत नाही. कमी पाण्यात, तापलेल्या जमिनीत, वर्षभर हिरवे राहून देवासाठी फुले देणारी झाडे माळव्यात फार थोडी आहेत. कण्हेर तोडून तिच्या जागी लावलेली नाजूक झाडे पहिल्याच वैशाखात वाळण्याची भीती असते, आणि मग उघडी जमीन व बाजारातून आणलेली शिळी फुले एवढेच हाती उरते. झाड दोषी नाही. त्याची जागा योग्य निवडली, छाटणीचा व निर्माल्याचा बंदोबस्त केला, आणि फूल देवाच्या चरणांपर्यंतच राहिले, तर भिण्याचे कारण नाही. ज्या घरी रांगणारे मूल आहे किंवा मोकळी गुरे आहेत, तेथे मात्र कण्हेरीऐवजी जास्वंद लावावी, हे उत्तम.

जे सभासद येत्या पावसाळ्यात मंदिराच्या आवारात किंवा घरी कण्हेरीची लागवड करू इच्छितात, त्यांनी खड्डे वैशाखातच खणून ठेवावेत. पुजारी, सेवेकरी व हार करणाऱ्या भगिनींनी वरील आठ नियम आपल्या सहकाऱ्यांस वाचून दाखवावेत. विशेषतः नवरात्र व गणेशोत्सव या गर्दीच्या दिवसांत, जेव्हा फुले, निर्माल्य व प्रसाद एकाच वेळी अनेक हातांतून जातात, तेव्हा या नियमांचे काटेकोर पालन व्हावे.

सर्व भाविकांनी याची नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.

॥ शुभं भवतु ॥